खाडीच्या गाळातले जड धातू: नमुना उचलण्यापासून आकडा वाचण्यापर्यंत

दरवर्षी पावसाळा संपला की बेळगाव, खानापूर, निपाणीकडची पोरं प्रकल्पासाठी कारवारला जातात आणि काळी नदीच्या मुखातला चिखल पिशवीत भरून आणतात. गेल्या खेपेला एका गटानं आणलेल्या बारा पिशव्यांपैकी सातांवरची बॉलपेनची शाई पाण्यानं पसरली होती, दोन फुटल्या होत्या, आणि एका पिशवीत चिखलाबरोबर स्टेपलरची पिन होती. तरी अहवालाचं शीर्षक ठरलेलं: ‘किनारी गाळातील जड धातूंचे प्रदूषण व पर्यावरणीय धोका’. अशा पिशवीतून येणारा आकडा समुद्राचा नसतो, पिशवीचा असतो.

यंत्रावर चुका थोड्या होतात. बहुतेक चुका यंत्राच्या आधी होतात, उरलेल्या आकडे हातात आल्यावर. म्हणून या दोन टोकांवर मी जास्त रेंगाळणार आहे.

टप्पा १: आधी नकाशा, मग नदी

वहीत पहिल्यांदा पाणलोट काढा. दर दुसऱ्या अहवालात एक वाक्य असतं: ‘बेळगावच्या उद्यमबागेतील कारखान्यांचे सांडपाणी समुद्रात जाऊन...’ जातं, पण कुठल्या समुद्रात? शहराचं पाणी बळ्ळारी नाल्यानं मार्कंडेयात, तिथून घटप्रभेत, पुढं कृष्णेत आणि शेवटी बंगालच्या उपसागरात जातं. कारवारच्या खाडीत त्यातला थेंबही येत नाही. काळी नदी जोयडा तालुक्यात उगवते, सुपा, कोडसळ्ळी, कद्रा ही धरणं ओलांडते आणि सदाशिवगडाशी अरबी समुद्राला मिळते. खानापूर तालुक्यात उगवणारी म्हादई मात्र पश्चिमेला जाते, मांडवी होऊन पणजीला पोचते. म्हणजे बेळगाव जिल्ह्याचा समुद्राशी थेट संबंध शोधायचा तर तो मांडवीच्या मुखाशी आहे.

नकाशावर या गोष्टी खुणेनं दाखवा: धरणं (गाळ तिथंच अडतो), जोयडा-सुपा पट्ट्यातल्या मँगनीजच्या जुन्या खाणी, गावांची गटारं, मासेमारी बंदर, बोटी रंगवायची जागा. बोटीच्या तळाच्या रंगात तांबं असतं, लोखंडी बोटींना गंज लागू नये म्हणून जस्ताच्या वड्या लावतात, जाळ्याला शिशाच्या गोळ्या असतात. बंदरातल्या गाळात तांबं-जस्त-शिसं जास्त सापडलं तर कारखाना शोधायच्या आधी या तीन गोष्टी आठवा.

आता जागा ठरवा. बंदरात तीन, नदीमुखात तीन, वरच्या अंगाला तीन, आणि माणसाच्या वापरापासून दूर निदान दोन. या शेवटच्या दोन जागा सगळे वगळतात, आणि मग तुलना करायला काहीच उरत नाही.

*तपासा:* ‘मी कशाची कशाशी तुलना करणार?’ याचं उत्तर एका वाक्यात लिहिता येतं का? येत नसेल तर गाडीचं तिकीट काढू नका.

टप्पा २: भांडी आणि हत्यारं

हा कंटाळवाणा टप्पा आहे, आणि इथंच निकाल लागतो.

नमुन्याचे डबे एचडीपीईचे (जाड, टणक प्लॅस्टिक), रुंद तोंडाचे घ्या. साबणानं धुवा, नळाच्या पाण्यानं खळबळा, मग दहा टक्के नायट्रिक आम्लात पूर्ण एक दिवस बुडवून ठेवा. नंतर ऊर्ध्वपातित पाण्यानं तीनदा धुवा, उपडे घालून झाकून वाळवा. पाऱ्यासाठी वेगळा काचेचा डबा ठेवा, कारण पारा प्लॅस्टिकमधून आत-बाहेर होतो.

चिखल काढायला प्लॅस्टिकचा चमचा वापरा. स्टीलच्या चमच्यातून क्रोमियम आणि निकेल येतं. हातमोजे नायट्राइलचे, बिनपावडरचे घ्या, कारण पावडरीत जस्त असू शकतं. उन्हाचं क्रीम लावलेल्या हातानं डबा उघडू नका, त्यातल्या बऱ्याच क्रीममध्ये झिंक ऑक्साइड असतं.

तळाचा गाळ वर आणायला ग्रॅब लागतो, म्हणजे दोन जबड्यांचा पंजा. तो उद्यमबागेत कुठल्याही फॅब्रिकेशनवाल्याकडं बनवून मिळतो. त्याला एवढंच सांगायचं: स्टेनलेस स्टील वापरा, रंग नको, प्रायमर नको, गॅल्वनाइज्ड तर नकोच. दोर नायलॉनचा.

आमची स्वतःची फजिती सांगतो. नवा ग्रॅब दसऱ्याच्या तोंडावर तयार झाला. खंडेनवमीला वर्कशॉपमधल्या सगळ्या हत्यारांबरोबर त्याचीही पूजा झाली: हळद, कुंकू, वर कुणीतरी भक्तिभावानं शेंदराचं बोट. पारंपरिक शेंदूर म्हणजे शिशाचा ऑक्साइड. तीन दिवसांनी कारवारला गेलो आणि पहिल्या चार जागांवर शिसं चढलेलं, पुढं उतरत गेलेलं. नदीमुखाकडून बंदराकडं शिसं कमी होत जातं असा सुंदर आलेख निघाला होता, तो मी एका बैठकीत दाखवलासुद्धा! प्रत्यक्षात जबडा धुतला जात होता. पूजा जरूर करा, फक्त नंतर ग्रॅब आम्लानं पुसा आणि खाली सांगितलेली कोरी चाचणी घ्या.

*कोरी चाचणी:* निघायच्या आधी स्वच्छ ग्रॅबवरून अर्धा लिटर ऊर्ध्वपातित पाणी ओता आणि ते डब्यात धरा. तसंच एक रिकामा डबा खाडीवर नेऊन तिथं उघडा, बंद करा, परत आणा. दोन्ही नमुन्यांसारखेच तपासायला द्या. शेंदूर यात दिसला असता.

खोलवरचा थर हवा असेल तर नळी ठोकावी लागते. हार्डवेअरच्या दुकानातला पीव्हीसी पाइप चालतो, कडेला धार काढून घ्या. पण अशा पाइपमध्ये शिशाचं मिश्रण असू शकतं, म्हणून भिंतीला चिकटलेला सेंटिमीटरभर गाळ टाकून द्या आणि मधला गाभाच घ्या. ॲक्रिलिकची नळी मिळाली तर उत्तम.

टप्पा ३: दिवस, भरती, परवानगी

कर्नाटक किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, आणि पावसाच्या पुरात तळ रोज बदलतो. एक खेप मेच्या मध्यावर आणि एक नोव्हेंबर-डिसेंबरात करा. एकाच खेपेवर ‘प्रदूषण वाढत आहे’ असं लिहिता येत नाही.

भरतीची वेळ काढायला होडीवाल्यांचा जुना हिशेब: तिथीला पाऊणपट करा. अष्टमीला सहाच्या सुमारास पूर्ण भरती, म्हणजे बाराच्या सुमारास पूर्ण ओहोटी. उघड्या पडलेल्या चिखलावर चालत जायचं असेल तर तृतीया-चतुर्थी सोयीची. पूर्ण ओहोटी सकाळी साडेआठ-नवाच्या सुमारास येते आणि उधाण नुकतंच सरलेलं असल्यानं पाणी बरंच मागं जातं. हा ढोबळ हिशेब आहे, त्या वर्षाच्या सरकारी कोष्टकाशी ताडून बघा.

कारवारच्या दक्षिणेला नौदलाचा तळ आहे, तिथलं पाणी प्रतिबंधित आहे. मासेमारी खात्याला आणि किनारी पोलिसांना आधी लेखी कळवा. होडी ठरवताना तांडेलाला, म्हणजे होडीच्या प्रमुखाला, नकाशा दाखवा. तळ कुठं रेतीचा आणि कुठं चिकट आहे हे त्याला तुमच्या ॲपपेक्षा नेमकं ठाऊक असतं.

*सावधान:* खाडीच्या चिखलात एकट्यानं उतरू नका. मांडीपर्यंत रुतलेल्या माणसाला भरती थांबत नाही.

टप्पा ४: नमुना उचलणं

१. होडीचं इंजिन बंद करा. ग्रॅब पुढच्या बाजूनं सोडा, इंजिनाच्या बाजूनं नको.

२. ग्रॅब हळू सोडा. धपकन टाकला तर त्याच्या पुढं ढकललेल्या पाण्यानं तळावरचा मऊ थर उडून जातो, आणि तुम्हाला हवा असतो तोच थर.

३. वर आल्यावर जबडा नीट मिटलाय का बघा. मध्ये शिंपला अडकून फट राहिली असेल तर बारीक गाळ वाटेतच गळून गेलेला असतो. तो नमुना टाका, पुन्हा घ्या. दोनदा-तीनदा टाकावा लागतो, तांडेल कंटाळतो, तरी टाका.

४. वरचं पाणी अलगद काढा. वरचे दोन सेंटिमीटर, जबड्याला न लागलेले, प्लॅस्टिकच्या चमच्यानं उचला. अलीकडच्या वर्षांचा साठा वर असतो. दहा सेंटिमीटर एकत्र ढवळलं तर आजचा आणि जुना काळ एक होतो.

५. एकाच जागी ग्रॅब तीनदा टाका. तिन्ही वेगळे ठेवा. एकत्र केले तर जागेतला फरक किती हे कधीच कळणार नाही.

६. डब्यावर आणि आत टाकायच्या चिठ्ठीवर पेन्सिलीनं लिहा: जागा, तारीख, वेळ, खोली. पेन्सिल भिजत नाही.

७. वहीत रंग आणि वास नोंदवा. वर तपकिरी पापुद्रा आणि खाली काळा, सडक्या अंड्याचा वास येणारा चिखल असेल तर तसंच लिहा. या एका ओळीचं मोल नवव्या टप्प्यात कळेल.

*तपासा:* निदान दोनशे-तीनशे ग्रॅम ओला गाळ हवा. रेताड जागी दुप्पट घ्या, चाळल्यावर हातात चिमूटभर उरतो.

टप्पा ५: बर्फ, वाळवण, चाळण

थर्माकोलची मासळीची पेटी बर्फासाठी झकास, पण नवी घ्या. डबे दुहेरी पिशवीत घालून बर्फात ठेवा. चार अंशांच्या आसपास राहिले तर बेळगावपर्यंतचा घाट निभतो. जोयड्याच्या रस्त्यानं याल तर पेटी डिकीत आडवी होऊ देऊ नका.

प्रयोगशाळेत गाळ चाळा. धातू बारीक कणांना चिकटतात, म्हणजे चिकणमाती, लोह-मँगनीजचे थर आणि सेंद्रिय पदार्थ यांना. वाळू जवळजवळ कोरी असते. म्हणून ६३ मायक्रॉनची चाळण वापरा, आणि ती नायलॉनची असू द्या. पितळी चाळणीत तांबं आणि जस्त असतं. ओला गाळ चाळायचा तर त्याच जागेचं गाळलेलं समुद्रपाणी वापरा. ऊर्ध्वपातित पाण्यानं सैल बसलेले धातू धुऊन जातात.

नंतर ४० ते ५० अंशांना वाळवा. पाऱ्याचा भाग चाळिसाच्या आत, वेगळा. घाईनं १०५ अंशांवर ठेवलेल्या गाळातून पारा उडून जातो; १०५ अंश फक्त ओलावा मोजायच्या वेगळ्या चिमटीसाठी. अॅगेट या कठीण दगडाच्या खलात बारीक करा. घरचा पितळी खलबत्ता आणलेला मी पाहिलाय.

टप्पा ६: आम्लात उतरवणं

नेहमीची पद्धत अम्लराजाची. अर्धा ग्रॅम कोरडा गाळ, नऊ मिलिलिटर हायड्रोक्लोरिक आणि तीन मिलिलिटर नायट्रिक आम्ल. मिश्रण ताजं करा, साठवून ठेवू नका आणि बाटलीचं बूच घट्ट तर मुळीच लावू नका, वायूनं बाटली फुटते. किनाऱ्याच्या गाळात शिंपल्यांचा चुरा असतो, त्यामुळं फेस येतो. आम्ल थेंबाथेंबानं घाला. रात्रभर ठेवा, ९५ अंशांच्या आसपास तापवा, गाळून ५० मिलिलिटर करा.

अम्लराज सिलिकेट पूर्ण फोडत नाही. क्रोमियम आणि ॲल्युमिनियमचा मोठा भाग दगडातच राहतो. पूर्ण विरघळवायला हायड्रोफ्लोरिक आम्ल लागतं, आणि ते विद्यार्थ्यांनी हातात घ्यायचं नाही. कातडीतून आत जातं, हाडापर्यंत पोचतं, दुखायला उशिरा लागतं. कॅल्शियम ग्लुकोनेटची जेल आणि सराईत माणूस नसेल तर ती बाटली उघडूच नका. प्रकल्पाला अम्लराज पुरतो, फक्त तो वापरला हे अहवालात ठळक लिहा.

टप्पा ७: प्रयोगशाळेला विचारायचे प्रश्न

बहुतेकजण नमुने देऊन येतात आणि पीडीएफची वाट बघतात. देतानाच विचारा. प्रत्येक धातूची मापनमर्यादा, म्हणजे यंत्राला दिसणारं कमीत कमी प्रमाण, किती? दर वीस नमुन्यांमागं एक कोरा, एक दुबार आणि एक प्रमाणित संदर्भ गाळ (ज्यातले धातू आधीच ठाऊक असतात) चालवणार का? संदर्भ गाळाच्या ठाऊक आकड्याच्या ८० ते १२० टक्के परत मिळाले नाहीत तर त्या धातूचा आकडा वापरू नका. आर्सेनिक आयसीपी-एमएसवर (अणूच्या वजनावरून धातू ओळखणारं यंत्र) मोजत असतील तर क्लोराइडचा अडथळा कसा काढतात? समुद्राच्या गाळात मीठ, वर अम्लराजातलं क्लोराइड. यंत्रातला आर्गॉन आणि हे क्लोरीन जोडीनं ७५ वजनावर येतात, तेच आर्सेनिकचं वजन.

एकक सांभाळा. यंत्र द्रावाचा आकडा देतं. अर्ध्या ग्रॅमचे ५० मिलिलिटर केले आणि यंत्रानं लिटरला ०.२ मिलिग्रॅम दाखवलं, तर गाळात किलोला ०.२ × ५० ÷ ०.५ = २० मिलिग्रॅम. हा गुणाकार विसरून समुद्र स्वच्छ ठरवलेला अहवाल मी वाचलाय.

टप्पा ८: आकडा कशाशी लावायचा

इथं सगळ्यात जास्त घोळ होतो.

सगळे १९६१ मधला टुरेकियन-वेडपोल यांचा सरासरी शेल खडकाचा (चिखल घट्ट होऊन बनलेला खडक) तक्ता घेतात: तांबं ४५, शिसं २०, जस्त ९५, निकेल ६८, क्रोमियम ९०, कॅडमियम ०.३, पारा ०.४ (सगळे मिलिग्रॅम प्रति किलो). तक्ता वाईट नाही, पण तो जगाचा आहे, आपल्या डोंगराचा नाही. डेक्कन ट्रॅपच्या काळ्या पाषाणात तांबं मुळातच शंभराच्या आसपास किंवा वर असतं. जांभ्याच्या मातीत लोह आणि ॲल्युमिनियम साचतं. त्यांनी भागून प्रमाण काढलं आणि जगाच्या तक्त्याशी लावलं की जांभा तुमचा हिशेब बिघडवतो. म्हणून ॲल्युमिनियमनं भागा (ते बारीक मातीचं माप आहे), पण तुलना स्थानिक थराशी करा.

नळीतल्या खालच्या, न ढवळलेल्या थराला स्थानिक पार्श्वभूमी, म्हणजे मूळची नैसर्गिक पातळी, धरा. तो त्याच आम्लानं, त्याच दिवशी विरघळवा. अम्लराजाचं ॲल्युमिनियम शेलच्या पूर्ण ॲल्युमिनियमशी भागलं तर वाढ फुकटात दुप्पट-तिप्पट दिसते.

समजा वरच्या थरात शिसं ३० आणि ॲल्युमिनियम २ टक्के, खालच्या थरात शिसं २० आणि ॲल्युमिनियम ४ टक्के. नुसतं बघितलं तर वाढ दीडपट. ॲल्युमिनियमनं भागून: (३० ÷ २) ÷ (२० ÷ ४) = ३. वाळूनं अर्धं शिसं झाकलं होतं. उलट, वर तांबं ९० आणि ॲल्युमिनियम ४, खाली तांबं ८५ आणि ॲल्युमिनियम ३.८ असेल तर उत्तर १ येतं. नव्वद हा आकडा दिसायला भयंकर, पण तो डोंगराचाच.

म्युलरचा भूसंचय निर्देशांकही काढा: धातूचा आकडा भागिले दीडपट पार्श्वभूमी, त्याचा दोनच्या पायावरचा लॉगरिदम. शून्याच्या खाली अप्रदूषित, एक ते दोन मध्यम, पाचच्या वर अतितीव्र. तो दीड खडकातल्या नैसर्गिक चढ-उतारासाठी आहे. तो विसरला की सगळ्याच जागा वर सरकतात.

*तपासा:* एखाद्या जागेवर सगळेच धातू, ॲल्युमिनियमसकट, सारखे वाढलेत का? मग ते प्रदूषण नसून बारीक गाळ आहे.

टप्पा ९: धोका म्हणजे नेमकं काय

गाळात धातू असणं आणि तो जिवाच्या अंगात जाणं या दोन गोष्टी आहेत. काळ्या, वासाच्या चिखलात सल्फाइड असतं. ते कॅडमियम, शिसं, तांबं, जस्त, निकेल यांना धरून ठेवतं. तोच चिखल बंदर खोल करताना उपसून हवेशीर पाण्यात टाकला की ऑक्सिजननं सल्फाइड मोडतं आणि धातू सुटतात. चौथ्या टप्प्यातली वासाची नोंद इथं कामाला येते: उपसणीच्या जागी असा चिखल असेल तर धोक्याचं पहिलं वाक्य तेच.

शक्य असेल तर टप्प्याटप्प्यानं धातू सोडवून बघायची बीसीआर पद्धत करा. पहिल्या, सौम्य ॲसिटिक आम्लाच्या पायरीत किती टक्के सुटलं ते बघा. दहाच्या आत धोका थोडा, तिसाच्या वर जास्त, पन्नासाच्या वर फार जास्त. एकूण शिसं कमी पण पहिल्या पायरीत चाळीस टक्के, ही जागा एकूण जास्त पण दगडात बंद असलेल्या जागेपेक्षा वाईट.

लाँग आणि सहकाऱ्यांच्या १९९५ च्या मर्यादा सगळे वापरतात: खालची पायरी तांबं ३४, शिसं ४६.७, जस्त १५०, कॅडमियम १.२, पारा ०.१५, वरची अनुक्रमे २७०, २१८, ४१०, ९.६, ०.७१. खालच्या पायरीखाली तळातल्या जिवांवर परिणाम क्वचित, वरच्या पायरीवर वारंवार. या अमेरिकी किनाऱ्यांच्या माहितीवर बेतलेल्या आहेत. वर पाहिलेलं नैसर्गिक तांबं यात नापास होतं, म्हणून आठवा टप्पा पार केल्याशिवाय इथं येऊ नका.

हाकन्सनचा १९८० चा धोका निर्देशांक हा परीक्षकांचा लाडका. प्रत्येक धातूची वाढ त्याच्या विषारीपणाच्या गुणकानं गुणायची: पारा ४०, कॅडमियम ३०, आर्सेनिक १०, तांबं आणि शिसं ५, क्रोमियम २, जस्त १. बेरीज दीडशेच्या आत तर धोका कमी. सापळा कॅडमियममध्ये आहे. साध्या ज्वाला-एएएसवर (ज्वालेत धातू मोजणारं यंत्र) आपल्या हिशेबात मापनमर्यादा किलोला एक मिलिग्रॅमच्या घरात पडते. प्रयोगशाळा लिहिते ‘१ पेक्षा कमी’. पोरगं एक्सेलमध्ये १ टाकतं. ३० × (१ ÷ ०.३) = १००. एकट्या धातूच्या वर्गवारीत शंभर म्हणजे ‘लक्षणीय धोका’, आणि तो सापडलंच नाही त्या धातूनं तयार केला! असं असेल तर कॅडमियम सरळ वगळा आणि तसं लिहा, किंवा जास्त संवेदनशील यंत्रावर पुन्हा मोजा. शिवाय हाकन्सनची बेरीज आठ प्रदूषकांसाठी बांधलेली होती. तुम्ही पाचच मोजले तर दीडशेची रेघ तुमच्यासाठी फार सैल आहे.

टप्पा १०: किनाऱ्यावरच्या माणसाला काय सांगायचं

ओहोटीला कारवारजवळच्या सुंकेरीच्या बाजूला चिखलात बसून तिसऱ्या (खायचे शिंपले) काढणाऱ्या एका मावशींनी आम्हाला विचारलं, ‘काय गावलं रे पोरांनो? खायचं की नाय ह्ये?’ गाळाच्या तक्त्यात याचं उत्तर नसतं, तसं स्पष्ट सांगा. तिसऱ्या वेगळ्या तपासाव्या लागतात. एका जागेच्या, एकाच मापाच्या निदान वीस घ्या आणि स्वच्छ समुद्रपाण्यात चोवीस तास ठेवा, म्हणजे पोटातला चिखल बाहेर पडतो. नाहीतर मांसाच्या नावानं पुन्हा गाळच मोजला जातो. मग प्लॅस्टिकच्या सुरीनं मांस काढा, ओलं आणि कोरडं दोन्ही वजन लिहा, कारण खाद्यपदार्थांच्या मर्यादा ओल्या वजनावर असतात आणि गाळाच्या कोरड्या. दोन्ही तक्ते एकाच पानावर छापू नका. आणि निकाल आला की, चांगला असो वा वाईट, तो आधी सुंकेरीला घेऊन जा. मावशी ओहोटीला तिथंच असतात.